पीएम व्हायचंय? आधी एक दोनशे पानी वही घ्या

मावसभाऊ कळव्याला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा घरी आला आणि चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला, ताई मला प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम, व्हायचंय, दीड लाखाचा ऑनलाइन कोर्स आहे, ईएमआयवर मिळतोय, घेऊ का. तेवढ्यात बिस्कीट चहात पडलं. मग दोन तास बोलत बसलो आणि तो गेल्यावर वाटलं हे एकदाचं लिहूनच टाकावं, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी हेच विचारतं, कधी ऑफिसातला ज्युनिअर, कधी सोसायटीतल्या काकांचा मुलगा, आणि मी प्रत्येकाला अर्धवट काहीतरी सांगून पळते.

आधी माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी आयआयएमची वगैरे नाही. बीएस्सी आयटी, मग ऐरोलीला एका कंपनीत चार वर्षं सपोर्टला, हेडसेट लावून "सर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा" वालं काम, मग बिझनेस अनालिस्ट, आणि आता सहा वर्षं प्रॉडक्टमध्ये. आई अजून विचारते की तू नक्की करतेस काय. तिला एकदा नीट समजावलं, की डेव्हलपर कोड लिहितात, डिझायनर स्क्रीन काढतात, सेल्सवाले विकतात, आणि मी ठरवते की काय बनवायचं, कशाच्या आधी बनवायचं आणि काय अजिबात बनवायचं नाही. माझ्या हाताखाली कोणी नाही, ऑर्डर कुणाला देता येत नाही, पण काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात. आई म्हणाली, "म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखं." इतकी चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

नावात मॅनेजर आहे म्हणून लोक फसतात. या कामाचं मूळ साबणात आहे, ॲपमध्ये नाही. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाचं काम बघायचा आणि त्याच्या साबणाला कंपनीचाच आयव्हरी साबण झाकून टाकायचा, म्हणून वैतागून त्याने साहेबांना तीन पानी मेमो लिहिला, की प्रत्येक साबणामागे एक जबाबदार माणूस पाहिजे. तो माणूस काय करेल तेही लिहिलं, की कुठल्या भागात माल कमी जातोय ते आकड्यांत बघेल आणि मग स्वतः तिथे जाऊन दुकानदाराशी आणि गिऱ्हाइकाशी बोलून दुखणं शोधेल. (हाच मॅकेलरॉय पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षण मंत्री झाला, पण ते जाऊ दे.) म्हणजे नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी पहिल्याच कागदावर लिहून ठेवलंय की जागेवर जाऊन बघा. आणि आपण काय करतो, तर घरी बसून दहा तासांचे व्हिडिओ दीडपट स्पीडने बघतो.

म्हणून मी भावाला म्हटलं, कोर्स राहू दे, आधी स्टेशनरीच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आण. नोट्सचं ॲप नको. ॲपमध्ये आपण लिहितो आणि विसरतो, वही टेबलावर पडून डोळे वटारत राहते.

वहीचा नियम सोपा आहे. डावं पान फक्त जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं ते, वर तारीख, वेळ, जागा. त्यात "मला वाटतं" हा शब्द आला की खोडायचा. उजवं पान रिकामं सोडायचं. ते नंतर भरायचं, असं का होत असेल याचे अंदाज, आणि पुस्तकात कुठे याच्याशी जुळणारं सापडलं तर तेही. रोज लिहायची गरज नाही, आठवड्याला दोन नोंदी झाल्या तरी बास, पण डावं पान प्रामाणिक पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे, करायला जाम अवघड, कारण आपल्याला दिसायच्या आधीच मत तयार असतं.

उदाहरण देते. ठाणे स्टेशनला तिकिटाची ती एटीव्हीएम मशीन आहेत ना, तिथे शनिवारी सकाळी वीस मिनिटं नुसतं उभं राहा. मशीन कशासाठी आहे, तर लोकांनी स्वतः तिकीट काढावं, खिडकीवरची रांग कमी व्हावी. आणि दिसतं काय, तर मशीनसमोर एक काका उभे, स्वतःच्या स्मार्ट कार्डवर लोकांना तिकिटं काढून देतायत, लोक त्यांच्यापुढे रांग लावून "वाशी रिटर्न दोन" म्हणतात, सुटे पैसे पुढे करतात, काकांची बोटं टकाटक चालतात आणि बाजूचं मशीन मोकळं असतं. हे काका म्हणजे रेल्वेने कमिशनवर नेमलेले फॅसिलिटेटर, बरेचसे निवृत्त रेल्वे कर्मचारी.

आता शिकलेला माणूस पटकन म्हणेल की मशीनची स्क्रीन वाईट आहे, नवीन डिझाइन करा. थांबा. डाव्या पानावर काय आहे ते वाचा. मोकळ्या मशीनकडे कोण गेलं, रांगेत कोण थांबलं? सामानाच्या पिशव्या घेतलेली बाई, गावाहून आलेलं जोडपं, कॉलेजची चार पोरं. रोजचा प्रवासी तिथे दिसतच नाही, त्याच्याकडे पास आहे नाहीतर मोबाइलवर तिकीट. म्हणजे मशीनसमोर उरलाय तो कधीतरी प्रवास करणारा माणूस, ज्याच्याकडे स्मार्ट कार्ड नाही, ज्याला स्क्रीन शिकण्यात रस नाही कारण तो परत दोन महिन्यांनी येणार आहे, आणि ज्याच्या डोक्यात एकच आहे की गाडी चुकू नये. त्याला "स्वतः काढा" ही सोय नकोच आहे, त्याला पटकन तिकीट पाहिजे, कोणी का काढून देईना. स्क्रीन कितीही चकाचक केली तरी काकांची रांग हटणार नाही. हे उजव्या पानावर यायला मला स्वतःला तीन फेऱ्या लागल्या.

दुसरी जागा, ठाण्याच्या बाजारातला जांभळी नाका, संध्याकाळी सात. भाजीवाल्या मावशींचे दोन्ही हात कोथिंबिरीच्या पाण्याने ओले, मोबाइल गोणपाटाखाली पिशवीत. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि पैसे पाठवायचा प्रश्न सुटला, पण मावशींचा प्रश्न पैसे पाठवायचा नव्हताच, त्यांचा प्रश्न होता की आले का नाही हे कळायचं कसं. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवायचं, हिरवी टिक दिसायची, ती खरी का खोटी कोण सांगणार, मग पोराला फोन करून विचार, तोपर्यंत गिऱ्हाईक गर्दीत गायब. मग तो बोलणारा डबा आला. "वीस रुपये मिळाले." मान वर करायची गरज नाही, हात पुसायची गरज नाही. मला हा डबा गेल्या काही वर्षांतलं आपल्याकडचं सगळ्यात हुशार प्रॉडक्ट वाटतं, त्यात स्क्रीनच नाही हे त्याचं मोठेपण.

पण वहीत मी पुढे लिहिलंय ते असं: दोन बायकांनी एकाच वेळी वीस-वीस पाठवले, डबा एकदा बोलला, मावशींनी दोघींकडे बघितलं, "तुझे का हिचे?" दोघी म्हणाल्या माझे. मग काही सेकंदांनी दुसऱ्यांदा बोलला तेव्हा सगळ्या हसल्या. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. नाव बोलायला लावावं तर गर्दीत बाईचं नाव मोठ्याने घेणं बरं दिसत नाही, रक्कम पुरत नाही. तुम्हाला सुचलं तर इंटरव्ह्यूत हेच सांगा, नाही सुचलं तरी प्रश्न एवढा नीट मांडता आला तरी समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.

आता वाचनाचं. लोक पन्नास पुस्तकांची यादी सेव्ह करून ठेवतात आणि एकही उघडत नाहीत. मी तीनच सांगेन आणि एका वेळी एकच. एका प्रकरणामागे वहीतली एक नोंद जुळली पाहिजे, जुळली नाही तर पुढचं प्रकरण वाचायचं नाही, उठून बाहेर जायचं. याने वाचन हळू होतं. होऊ दे.

पहिलं डॉन नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज'. १९८८ मध्ये आलं तेव्हा नाव जरा वेगळं होतं, २०१३ ला सुधारलेली आवृत्ती आली, तीच घ्या. त्यातलं म्हणणं एका वाक्यात असं, की दार ढकलायचं का ओढायचं हे कळलं नाही तर चूक तुमची नाही, दाराची आहे. आमच्या ऑफिसच्या काचेच्या दाराला दोन्ही बाजूंनी सारखाच उभा दांडा आहे आणि रोज कोणीतरी नवीन माणूस ढकलायचं ते ओढतो, मग एचआरने स्टिकर लावला. स्टिकर लावावा लागला की समजायचं दार फसलंय. घरात बघा, तीन बर्नरची शेगडी, तीन नॉब एका ओळीत, कुठला कुणाचा? माझ्या सासूबाई वीस वर्षं तीच शेगडी वापरतायत आणि मधला नॉब अजून चुकतो. पुस्तकातलं शेगडीचं प्रकरण वाचल्यावर मी त्यांना म्हटलं आई तुमची चूक नाही, तर त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका.

दुसरं 'द मॉम टेस्ट', रॉब फिट्झपॅट्रिक, २०१३ चं, छोटंसं आहे. लोकांना "तुम्ही हे ॲप वापराल का" असं विचारलं की ते हो म्हणतात, आईसुद्धा तुमचं मन राखायला हो म्हणेल, म्हणून पुढे काय कराल ते विचारू नका, मागच्या वेळी काय केलंत ते विचारा. हे आपल्याकडे तर दुप्पट लागू आहे. पाहुण्याला पोहे कसे झालेत विचारलं तर तो मेला तरी मीठ कमी आहे म्हणणार नाही. तो दुसऱ्यांदा घेतो का ते बघायचं. प्रश्न कसे बदलायचे ते सांगते. "भाजी घरपोच मिळाली तर आवडेल का?" हा वाया गेलेला प्रश्न. "गेल्या आठवड्यात भाजी कुणी आणली, कधी, कुठून, आणि मागवलेली परत कधी पाठवली का?" यातून कामाचं निघतं. आणि विचारून झालं की गप्प बसायचं. शांतता आपल्याला सहन होत नाही, आपण मध्येच उत्तर सुचवतो, आणि समोरचा "हो हो तसंच" म्हणून मोकळा होतो. मी मनात दहापर्यंत आकडे मोजते, बऱ्याचदा सातपर्यंत पोचायच्या आत खरी गोष्ट बाहेर येते.

तिसरं मार्टी केगन यांचं 'इन्स्पायर्ड', २०१७ ची दुसरी आवृत्ती. सगळे हे पहिलं वाचायला सांगतात, मी शेवटी सांगते. त्यात आदर्श कंपन्या कशा चालतात ते आहे आणि ते सुरुवातीलाच वाचलं तर स्वतःचं ऑफिस बघून रडू येतं. त्यातले चार धोके मात्र पाठ करा: लोकांना हे पाहिजे का, त्यांना वापरता येईल का, आपल्याला बनवता येईल का, आणि कंपनीला परवडेल का. बोलणाऱ्या डब्याला हे चार प्रश्न लावून एक पान लिहा, एवढं केलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

पुस्तकांपेक्षा जास्त कामाचं वाचन फुकट आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या साइटवर आयपीओ आणणाऱ्या, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकणाऱ्या, कंपन्यांची डीआरएचपी असतात, म्हणजे त्याआधी द्यावा लागतो तो माहितीचा मसुदा. झोमॅटो आणि नायका २०२१ मध्ये लिस्ट झाल्या, स्विगी २०२४ मध्ये, या सगळ्यांचे कागद उघडे पडलेत. शेकडो पानं असतात, घाबरू नका, दोनच भाग वाचा, धंदा कसा चालतो तो आणि धोके कोणते तो. धोक्यांच्या भागात कंपनी स्वतःच्या तोंडाने सांगते की आपलं काय काय फसू शकतं, जाहिरातीत जे कधी सांगणार नाही ते. यूपीआयचे महिन्याचे आकडे ते चालवणारी संस्था, एनपीसीआय, स्वतःच्या साइटवर टाकते. आणि प्ले स्टोअरचे रिव्ह्यू, पण तीन स्टारवाले. एक स्टारवाला चिडलेला असतो, पाच स्टारवाला "नाइस ॲप" लिहून जातो, तीन स्टारवाला मात्र शांतपणे सांगतो की सगळं ठीक आहे पण अमुक ठिकाणी अडतं. तो सोन्यासारखा माणूस.

आणि मराठी वाचा. हे उगाच भाषाप्रेम म्हणून सांगत नाही. पीएमचं निम्मं काम लिहिणं आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं, वि. ल. भावे यांनी सुरू केलेलं, आणि आपण रोज बाजारात जाताना त्याच्या जवळून जातो. कुठल्याही वाचनालयात बसून पेपरातली वाचकांची पत्रं महिनाभर वाचून बघा. अमुक थांब्यावर शेड नाही, संध्याकाळी सहानंतर बस येत नाही, म्हाताऱ्यांचे हाल होतात, निदान एक बाक तरी ठेवा. यात कोणाला त्रास आहे, कधी आहे, कुठे आहे आणि कमीत कमी काय केलं तर भागेल, चारही आलं. ऑफिसात वापरणाऱ्याची गरज मांडायला युजर स्टोरी म्हणून जे लिहितात ते याच्या निम्म्यानेही बरं नसतं. (टोमणा आमच्याच टीमला आहे, त्यांना माहितीये.)

आता माझं स्वतःचं लफडं सांगते, कारण या वहीची सुरुवात तिथून झाली. मी तेव्हा नवीन बिझनेस अनालिस्ट होते. आमचं सॉफ्टवेअर ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी होतं आणि एक फीचर बनवलं, की माल उतरवला की ड्रायव्हरने सही झालेल्या चलनाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा, म्हणजे बिल लवकर निघेल. तीन महिने खपलो. लाँच झालं आणि कोणी वापरेना. मीटिंगमध्ये ठरलं की ड्रायव्हर लोक शिकलेले नाहीत, ट्रेनिंग द्या. मी मान डोलावली, हिंदीत व्हिडिओ बनवला, बाण काढून पीडीएफ बनवली, ती सगळ्यांना पाठवली. काही फरक नाही.

मग एके दिवशी वैतागून भिवंडीला गेले, मानकोलीच्या बाजूला, जिथे गोडाऊनच गोडाऊन आहेत. पत्र्याचं भलंमोठं शेड, आत मोबाइलला रेंज शून्य. एका ड्रायव्हरने माझ्यासमोर आमचं ॲप उघडलं, फोटो काढला, गोल गोल फिरायला लागलं, फिरतच राहिलं, मग एरर, आणि फोटो गेला. चलन तोपर्यंत गोडाऊनच्या ऑफिसात जमा झालेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, व्हॉट्सॲप उघडलं, चलनाचा दुसरा फोटो त्याने आधीच शेठला पाठवून ठेवला होता, त्यावर घड्याळाची खूण होती. म्हणाला, "मॅडम, ये बाहर जाके अपने आप चला जाएगा." फोन खिशात टाकला आणि गाडी काढली.

अपने आप चला जाएगा. एवढंच पाहिजे होतं. फोटो फोनमध्ये साठवायचा, घड्याळ दाखवायचं, रेंज आली की पाठवायचा. एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका छोट्या टप्प्यात, झालं. ट्रेनिंगचा व्हिडिओ डिलीट केला. पण मला लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. सपोर्टला असताना "ॲप हँग होतं" अशा तक्रारींची तिकिटं माझ्याकडेच यायची, गोडाऊनवाल्यांचीच, आणि मी "कृपया नेटवर्क तपासा" लिहून ती बंद करायचे. उत्तर माझ्याच हाताखालून कितीतरी वेळा गेलं होतं.

तेव्हापासून "लोक शिकलेले नाहीत" हे वाक्य कोणी मीटिंगमध्ये उच्चारलं की मी बसचा नंबर शोधायला लागते.

काय बनवायचं हे कळलं तरी आधी काय, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचा क्लास पाहिजे असेल तर सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जा. चेष्टा नाही करत. पैसे मर्यादित, मागण्या पन्नास, सगळ्यात मोठ्याने बोलणारे काका एकच आणि त्यांना फक्त पार्किंग दिसतं. पीएम लोक राइस नावाचं गणित वापरतात, किती जणांना फायदा, गुणिले किती मोठा फायदा, गुणिले आपल्याला किती खात्री, भागिले किती खर्च. आमची चाळीस फ्लॅटची सोसायटी समजा. पाण्याचा पंप बदलायचा: ४० घरं, परिणाम २, खात्री ०.८, खर्च २ लाख, उत्तर ३२. बिल्डिंगला रंग: ४० घरं, परिणाम ०.५, खात्री १, खर्च ५ लाख, उत्तर ४. वरच्या मजल्यावरचं गळतं स्लॅब: ४ घरं, परिणाम ३, खात्री ०.८, खर्च ३ लाख, उत्तर ३.२.

म्हणजे गणित म्हणतं पंप पहिला, ठीक, पण दुसरा नंबर रंगाचा आणि गळती शेवटी! इथे नवीन पीएम फसतात, आकडा आला की तो स्लाइडवर टाकतात. गळतं स्लॅब यंदा चार घरांचं आहे, दोन पावसाळे गेले की सळ्या गंजून ते सगळ्या बिल्डिंगचं होतं, आणि गणितात "थांबलो तर काय" हा रकानाच नाही. गणित करायचं ते भांडण नीट सुरू व्हावं म्हणून, त्याने भांडण संपत नाही. आणि पार्किंगवाल्या काकांना एजीएमच्या आधी घरी जाऊन भेटायचं, चहा घ्यायचा, त्यांचं ऐकायचं, मगच मीटिंगला बसायचं. ऑफिसात यालाच स्टेकहोल्डर मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचे वर्कशॉप घेतात.

आकड्यांची भीती असेल तर स्वतःच्या यूपीआयचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये घ्या. कुणाला किती वेळा पैसे गेले ते मोजा. मग बघा, मार्चमध्ये ज्या दुकानांत पहिल्यांदा पैसे दिलेत त्यातल्या किती दुकानांत मे महिन्यात परत गेलात. हेच रिटेन्शन, ज्याच्या नावाने लोक घाबरवतात. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका, पण सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन एवढंच आधी, महिनाभरात येतं. डेव्हलपरला रोज "जरा डेटा काढून दे ना" म्हणायची वेळ आली नाही की तो तुमचं बाकीचं ऐकून घेतो.

नोकरीकडे येते. फ्रेशरसाठी एपीएमच्या, म्हणजे असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरच्या, जागा असतात, ही पद्धत गूगलमध्ये २००२ ला मरिसा मेयर यांनी सुरू केली आणि आता आपल्याकडेही बऱ्याच कंपन्या घेतात, पण जागा चिमूटभर आणि अर्ज पोत्याने. मिळाली तर उत्तम, नाही तर बाजूच्या दाराने या. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात सपोर्ट, टेस्टिंग, इम्प्लिमेंटेशन, बिझनेस अनालिस्ट अशी कामं निघत असतात, आणि आत शिरल्यावर प्रॉडक्टकडे सरकणं बाहेरून उडी मारण्यापेक्षा खूप सोपं. मी काय केलं ते सांगते. भिवंडीनंतर दर शुक्रवारी आमच्या पीएम मॅडमना एक पानी मेल पाठवायला लागले, आठवड्यात सगळ्यात जास्त आलेल्या पाच तक्रारी, प्रत्येक किती वेळा आली, आणि एका कॉलमधलं गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं. पहिले दोन महिने एकही सूचना दिली नाही, हे मुद्दाम. नवीन माणसाने सूचना दिल्या की लोक कान बंद करतात, माहिती दिली की उघडतात. तिसऱ्या महिन्यात मॅडम मीटिंगमध्ये माझा मेल वाचून दाखवत होत्या, आणि त्या मॅटर्निटी लीव्हवर गेल्या तेव्हा त्यांनीच माझं नाव सुचवलं.

इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो, ऑर्डर अचानक २० टक्के पडल्या, काय बघाल. लोक घाबरून दहा कारणं फेकतात. अरे तुम्ही ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येता ना? सकाळी ऐरोलीला गाडी आली नाही की काय करता? आधी बघता इंडिकेटर बिघडलाय का खरंच गाडी नाही. मग, आपलीच लाइन का मेन लाइन पण. मग एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपच्या चॅटवर, कधीपासून आणि कुठे अडकलीय. मग पाऊस, मग रविवार असेल तर दुरुस्तीचा मेगाब्लॉक, म्हणजे आपल्याच लोकांनी आधी सांगून घातलेला घोळ. याच क्रमाने उत्तर द्या: मोजमाप बरोबर आहे का, सगळीकडे पडल्यात का एकाच शहरात किंवा एकाच फोनवर, कधीपासून, बाहेर काही घडलं का, आणि आपण काल काही नवीन रिलीज केलं का. रोज प्लॅटफॉर्मवर हे फुकट करताच आहात.

आणि हो, हल्ली एआय दोन मिनिटांत छान पीआरडी, म्हणजे काय बनवायचं ते मांडणारं डॉक्युमेंट, लिहून देतं, त्यामुळे नुसतं डॉक्युमेंट चांगलं लिहिता येतं याला पूर्वीइतका भाव नाही. मानकोलीच्या शेडमध्ये रेंज नाही हे मात्र त्याला तुम्हीच सांगायचंय.

कोर्सचं म्हणाल तर वहीची साठ पानं भरल्यावर घ्या, तेव्हा त्यातलं निम्मं आपल्याला येतं हे कळेल आणि कदाचित ईएमआय वाचेल.

भावाने वही घेतली. गेल्या शनिवारी पहिलं पान फोटो काढून पाठवलं, ठाणे स्टेशन, एटीव्हीएम, सकाळी १०.१०. डाव्या पानावर पहिलंच वाक्य, "मशीनची स्क्रीन कन्फ्युजिंग आहे." मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? बराच वेळ काही नाही. मग मेसेज आला, "ताई खोडलं. उद्या परत जातो, पण उद्या मेगाब्लॉक आहे, गर्दी वेगळी असेल ना?"

जा म्हटलं, आणि तेही लिही वरती.